आंतरराष्ट्रीय संघटनांतील कर्मचारी संघ

संयुक्त राष्ट्रे, तिच्याशी संलग्न असलेल्या विशेषीकृत संस्था आणि तत्सम आंतरशासकीय संघटना यांच्या सचिवालयांत काम करणाऱ्या नोकरवर्गाने आपल्या सेवाशर्ती, न्याय्य हक्क आणि कल्याण यांच्या रक्षणार्थ स्थापन केलेल्या संघटना. कारखान्यांतील वा सरकारी कचेऱ्यांतील कामगार संघटनांशी त्यांचे बाह्यतः साम्य असले, तरी एका बाबतीत त्या मुळातच निराळ्या आहेत. कोणत्याही देशातील नोकरदाराच्या पाठीशी त्या देशाचे कामगारविषयक कायदे, औद्योगिक न्यायालये आणि लोकनियुक्त विधिमंडळ उभे असते. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कर्मचाऱ्याला यांपैकी काहीच उपलब्ध नसते. त्याचा मालक एक नसून शंभर-दोनशे राष्ट्रे असतात; ती एकत्र येऊन ठराव करतात आणि ठराव करताना कर्मचाऱ्यांशी समोरासमोर बसून वाटाघाट करीत नाहीत.

या स्थितीचे मूळ उन्मुक्तीच्या तत्त्वात आहे. एखाद्या सदस्य राष्ट्राने आपल्या न्यायालयांमार्फत आंतरराष्ट्रीय संघटनेवर दडपण आणू नये, म्हणून संघटनेस राष्ट्रीय न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रातून मुक्त ठेवले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या १०५ व्या अनुच्छेदात हे तत्त्व आले असून फेब्रुवारी १९४६ मध्ये आमसभेने संमत केलेल्या विशेषाधिकार व उन्मुक्तीविषयक करारात त्याचा तपशील दिला आहे. भारताने त्यासाठी १९४७ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. परिणामी जागतिक आरोग्य संघटनेच्या दिल्ली येथील प्रादेशिक कार्यालयातील लिपिक भारतीय नागरिक असला आणि त्याची सारी सेवा दिल्लीतच झाली असली, तरी बडतर्फीविरुद्ध त्यास सामान्यतः भारतीय कामगार न्यायालयाकडे दाद मागता येत नाही. उपर्युक्त करारातच मात्र याची दुसरी बाजूही नमूद आहे : संघटनेच्या करारांतून उद्‌भवणारे तंटे मिटविण्याची योग्य व्यवस्था संघटनेने स्वतः केली पाहिजे. ही व्यवस्था ऐच्छिक औदार्य नव्हे, हे यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९९ मध्ये ‘वेट व केनेडी विरुद्ध जर्मनी’ या प्रकरणात स्पष्ट केले. यूरोपीय अवकाश संस्थेत काम केलेल्या दोघांनी हा दावा लावला होता. न्यायालयाने उन्मुक्ती मान्य केली. परंतु संबंधितांना वाजवी असा पर्यायी मार्ग उपलब्ध आहे किंवा नाही, हा विचार त्यात महत्त्वाचा ठरविला.

इतिहास : राष्ट्रसंघाचे पहिले महासचिव सर एरिक ड्रमंड यांनी विविध राष्ट्रांनी पाठविलेल्या प्रतिनिधींचे कडबोळे न करता, केवळ राष्ट्रसंघालाच बांधील असलेला एकसंध नोकरवर्ग उभारला. ही त्या काळी नवी कल्पना होती. १९२० च्या बॅल्फोर अहवालाने तिला मान्यता दिली. आंतरराष्ट्रीय मजूर कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी त्याच सुमारास आपला संघ स्थापन केला. सेवाविषयक तक्रारी ऐकण्यासाठी १९२७ मध्ये राष्ट्रसंघाने प्रशासकीय न्यायाधिकरण निर्माण केले. आंतरराष्ट्रीय नोकरवर्गासाठी असलेले ते पहिले कायम स्वरूपाचे न्यायपीठ होय.

या न्यायाधिकरणाच्या मर्यादेचा अनुभव राष्ट्रसंघाच्या अखेरच्या दिवसांत आला. युद्धामुळे काम आटल्याने १९३९-४० मध्ये अनेकांना कमी मुदतीची सूचना देऊन नोकरीतून मुक्त करण्यात आले होते. त्यांपैकी काहींच्या बाजूने १९४६ च्या आरंभी न्यायाधिकरणाने निर्णय दिले. एप्रिल १९४६ मधील विसर्जनाच्या अधिवेशनात राष्ट्रसंघाच्या सभेने हे निर्णय अमलात आणण्यास नकार दिला. संघटनाच उरणार नसल्याने दाद मागण्यास जागाही उरली नाही. न्यायाधिकरण पुढे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेकडे सोपविले गेले व आजही ते जिनीव्हा येथे कार्यरत आहे. जागतिक आरोग्य संघटना, युनेस्को इ. अनेक संस्थांनी त्याचे अधिकारक्षेत्र मान्य केले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयासाठी आमसभेने २४ नोव्हेंबर १९४९ रोजी निराळे न्यायाधिकरण स्थापन केले.

नव्या न्यायाधिकरणाची कसोटी लवकरच लागली. अमेरिकेत साम्यवाद्यांविषयी पराकोटीचा संशय पसरलेला असताना, १९५२ च्या शरद ऋतूत अमेरिकी सीनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीने न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या सेवेतील अमेरिकी नागरिकांची जाहीर चौकशी सुरू केली. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही होऊ नये, यासाठी अमेरिकी संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीने दिलेल्या संरक्षणाचा आधार घेऊन काहींनी उत्तरे देण्याचे नाकारले. महासचिव ट्रिग्व्ह ली यांनी तीन कायदेपंडितांचा सल्ला घेऊन अशा कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केले. आपल्या कामाबद्दल ज्यांच्यावर कसलाही ठपका नव्हता, असे लोकही त्यांत होते. महासचिवांचे विधी सल्लागार एब्राहम फेलर यांनी १३ नोव्हेंबर १९५२ रोजी आत्महत्या केली. चौकशीचा ताण त्यांना असह्य झाला होता, असे त्यांच्या निकटवर्तीयांचे मत होते. जानेवारी १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी आदेश काढून आंतरराष्ट्रीय संघटनांतील अमेरिकी नागरिकांच्या एकनिष्ठतेची तपासणी करण्याची पद्धत घालून दिली. सनदेच्या १०० व्या अनुच्छेदानुसार कर्मचाऱ्याने कोणत्याही सरकारकडून सूचना घ्यावयाच्या नसतात आणि सदस्य राष्ट्रांनी त्यांवर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न करावयाचा नसतो. त्या अनुच्छेदाची शाई वाळते न वाळते तोच हे घडले.

कर्मचारी संघाने या काळात बडतर्फ सहकाऱ्यांची बाजू उचलून धरली. ते काम सोपे नव्हते; कारण संघाच्या सभासदांतच भीती पसरली होती. एकवीस जणांनी न्यायाधिकरणाकडे अर्ज केले आणि १९५३ मध्ये त्यांपैकी अकरा जणांना एकूण १,७९,४२० डॉलरची भरपाई मंजूर झाली. रक्कम संघटनेच्या मानाने किरकोळ होती, पण अमेरिकेने ती देण्यास विरोध केला. आमसभा आपल्याच दुय्यम मंडळाचा निर्णय अव्हेरू शकते काय, असा प्रश्न त्यातून उभा राहिला व आमसभेने तो डिसेंबर १९५३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे विचारार्थ पाठविला. न्यायालयाने १३ जुलै १९५४ रोजी नऊ विरुद्ध तीन मतांनी दिलेला अभिप्राय आंतरराष्ट्रीय सेवेच्या कायद्याचा पाया मानला जातो. न्यायाधिकरण हे सल्लागार मंडळ नसून खरेखुरे न्यायपीठ आहे; जगाला स्वातंत्र्य व न्याय यांची ग्वाही देणाऱ्या संघटनेने स्वतःच्या नोकरांना न्यायाचा मार्ग नाकारणे तिच्या उद्दिष्टांशी विसंगत ठरेल; सबब आमसभेस त्याचे निर्णय नाकारता येणार नाहीत, असा त्याचा आशय होता. १९४६ चा दाखला याही वेळी पुढे करण्यात आला होता, परंतु न्यायालयाने तो निर्णायक मानला नाही. भरपाईची रक्कम अखेर खास निधीतून दिली गेली. हा निधी कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या अंतर्गत करातून उभारण्यात आला होता. त्यामुळे आपल्या सहकाऱ्यांना मिळालेल्या न्यायाची किंमत एका अर्थाने कर्मचाऱ्यांनीच चुकविली, असे म्हणता येईल.

विरोधकांचे समाधान करण्यासाठी आमसभेने १९५५ मध्ये न्यायाधिकरणाचे निर्णय विशिष्ट कारणांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेण्याची तरतूद केली. ती चार दशके राहून १९९५ मध्ये रद्द झाली. याच न्यायाधिकरणावर १९५५ पासून १९७९ पर्यंत भारताचे आर्. वेंकटरामन सदस्य होते आणि १९६८ पासून त्याचे अध्यक्ष होते. मद्रासमध्ये कामगार कायद्याचे वकील म्हणून नाव मिळवलेले हे गृहस्थ पुढे १९८७ ते १९९२ या काळात भारताचे राष्ट्रपती झाले. त्यांच्या चरित्रातील हा पाव शतकाचा भाग आपल्याकडे फारसा परिचित नाही.

कालांतराने ही यंत्रणा संथ व अपुरी ठरू लागली. प्रकरणे न्यायाधिकरणापर्यंत पोहोचण्यापूर्वी कर्मचारी व प्रशासन यांच्या संयुक्त अपील मंडळांत वर्षानुवर्षे रेंगाळत आणि या मंडळांच्या शिफारशी प्रशासनावर बंधनकारक नसत. कर्मचारी संघांच्या दीर्घ आग्रहानंतर आमसभेने ही व्यवस्था मोडून १ जुलै २००९ पासून द्विस्तरीय न्यायव्यवस्था आणली. पहिल्या स्तरावर न्यूयॉर्क, जिनीव्हा व नैरोबी येथे बसणारे तंटा न्यायाधिकरण आणि त्यावर अपील न्यायाधिकरण अशी तिची रचना आहे. न्यायाधीशांची नावे सुचविणाऱ्या पाच सदस्यांच्या मंडळात कर्मचाऱ्यांचाही प्रतिनिधी असतो. कर्मचाऱ्यांना कायदेविषयक मदत देणारे एक कार्यालयही त्याबरोबर निघाले. त्याच्या खर्चासाठी कर्मचाऱ्याच्या मूळ निव्वळ पगारातून दरमहा ०·०५ टक्के रक्कम कापली जाते. नको असल्यास त्यास तसे कळवून बाहेर राहता येते.

रचना व अधिकार : संयुक्त राष्ट्रांच्या सेवानियमांनुसार प्रत्येक मोठ्या कार्यालयात गुप्त मतदानाने निवडलेले कर्मचारी मंडळ असते आणि सेवाशर्ती, काम व कल्याण यांबाबत त्याच्याशी सतत संपर्क ठेवणे हे महासचिवांचे कर्तव्य आहे. निरनिराळ्या संस्थांतील संघांचा पहिला महासंघ १९५२ मध्ये स्थापन झाला. त्याच्या जोडीस १९८२ मध्ये समन्वय समितीच्या स्वरूपाचा दुसरा आणि पुढे तिसरा महासंघ उभा राहिला. एकाच नोकरवर्गाचे तीन महासंघ असणे हे दौर्बल्य आहे, असे त्यांतील जाणते लोकही मान्य करतात.

नियमांत वापरलेला शब्द ‘विचारविनिमय’ असा आहे, ‘वाटाघाट’ असा नाही; आणि हा भेद शाब्दिक नव्हे. प्रशासनाशी एखाद्या मुद्यावर एकमत झाले, तरी खर्चाचा अधिकार आमसभेच्या पाचव्या समितीकडे असतो व तेथे कर्मचाऱ्यांना मत नसते. सामूहिक करार येथे क्वचितच आढळतात. ज्या संघटनेने साऱ्या जगासाठी संघटनास्वातंत्र्याची व सामूहिक वाटाघाटींची मानके घडविली, त्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या कार्यालयाने स्वतःच्या कर्मचारी संघाशी मान्यता व कार्यपद्धतीविषयीचा औपचारिक करार केला तो मार्च २००० मध्ये.

संपाचा हक्क सेवानियमांत स्पष्टपणे दिलेला नसला, तरी न्यायनिर्णयांनी तो मान्य केला आहे. जिनीव्हातील सामान्य सेवावर्गाने १९७६ मध्ये वेतनप्रश्नावर संप केला होता. या बाबतीत यूरोपीय पेटंट कार्यालयातील प्रकरण बोधप्रद आहे. तेथील प्रशासनाने २०१३ मध्ये संपावर कडक निर्बंध घातले. कर्मचारी संघ नेदर्लंड्सच्या न्यायालयात गेला असता हेग येथील अपील न्यायालयाने २०१५ मध्ये त्याच्या बाजूने निर्णय दिला. परंतु जानेवारी २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने उन्मुक्तीच्या आधारे तो फिरविला. पुढे जुलै २०२१ मध्ये मजूर संघटनेच्या न्यायाधिकरणाने हे निर्बंध बेकायदा ठरविले. न्याय मिळाला, पण आठ वर्षांनी.

वेतन : आंतरराष्ट्रीय सेवेतील वेतनाची दोन तत्त्वे आहेत. वरिष्ठ व्यावसायिक वर्गासाठी १९२१ चे नोब्लमेअर तत्त्व लागू होते. सर्वांत चांगला पगार देणाऱ्या राष्ट्रीय मुलकी सेवेतील मनुष्यही आकृष्ट व्हावा, इतके वेतन असावे, असे ते सांगते. राष्ट्रसंघाच्या काळी अशी सेवा ब्रिटनची होती. संयुक्त राष्ट्रांनी अमेरिकेची संघीय सेवा प्रमाण मानली असून तिच्यापेक्षा निव्वळ वेतन दहा ते वीस टक्क्यांनी अधिक राखले जाते. स्थानिक भरतीच्या सामान्य सेवावर्गास मात्र १९४९ च्या फ्लेमिंग समितीने सुचविल्याप्रमाणे त्या त्या शहरातील उत्तम मालक देतात त्या तोडीचे वेतन मिळते. त्यामुळे एकाच कचेरीत शेजारी बसणाऱ्या दोघांचे पगार निराळ्या मोजपट्ट्यांनी ठरतात. मोजमापाचे काम १९७४ मध्ये आमसभेने स्थापिलेल्या पंधरा सदस्यांच्या आंतरराष्ट्रीय मुलकी सेवा आयोगाकडे आहे.

महागाईनुसार बदलणारा स्थानीय समायोजन भत्ता हा व्यावसायिक वर्गाच्या वेतनाचा मोठा भाग असतो. २०१७ मध्ये आयोगाने जिनीव्हातील राहणीखर्चाच्या पाहणीवरून या भत्त्यात अशी कपात ठरविली, की हाती येणारा पगार सुरुवातीच्या हिशेबाने सात टक्क्यांहून अधिक घटणार होता. आक्षेपांनंतर ही कपात सु. पाच टक्क्यांवर आली. पाहणीची पद्धती सदोष असल्याचे कर्मचारी संघांनी तज्ञ नेमून दाखविले आणि मार्च २०१८ मध्ये कामबंद आंदोलन केले. जुलै २०१९ मध्ये मजूर संघटनेच्या न्यायाधिकरणाने, हा भत्ता अंतिमतः ठरविण्याचा अधिकार आयोगास नाही, असे म्हणून कपात रद्द केली. त्यामुळे मजूर संघटना, जागतिक आरोग्य संघटना इ. संस्थांतील पगार पूर्ववत झाले. याउलट संयुक्त राष्ट्रांच्या अपील न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये आयोगाचा अधिकार मान्य करून कपात कायम ठेवली. एकाच शहरात, एकाच समाईक वेतनप्रणालीखाली काम करणाऱ्यांना केवळ न्यायाधिकरण वेगळे म्हणून वेगळा पगार मिळू लागला. आमसभेने २०२२ च्या अखेरीस आयोगाच्या संविधीत दुरुस्ती करून त्याचा अधिकार निःसंदिग्ध केला. कर्मचाऱ्यांनी न्यायालयात जिंकलेला मुद्दा विधिनिर्मितीने कसा निष्प्रभ करता येतो, याचे हे ताजे उदाहरण होय.

कल्याण : कल्याणकार्याचा आरंभ कर्मचाऱ्यांच्या रोजच्या गरजांतून झाला. युद्धोत्तर न्यूयॉर्कमध्ये घरांची टंचाई होती आणि अनेक वस्त्यांत गौरेतर कुटुंबांना घर भाड्याने मिळत नसे. आशिया-आफ्रिकेतून आलेल्या कर्मचाऱ्यांची ही अडचण ओळखून क्वीन्स विभागात पार्कवे व्हिलेज ही वसाहत १९४७ मध्ये त्यांच्यासाठी सिद्ध झाली. नोबेल पारितोषिकविजेते राल्फ बंच हेही तेथे राहत. त्याच वर्षी पालकांनी संयुक्त राष्ट्रे आंतरराष्ट्रीय शाळा काढली आणि तेरा कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन पतसंस्था स्थापन केली. मुंबईच्या कचेऱ्यांतील पगारदारांच्या पतपेढ्यांची ज्यांना माहिती आहे, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही.

सर्वांत भक्कम संस्था म्हणजे संयुक्त निवृत्तिवेतन निधी. जानेवारी १९४९ पासून तो सुरू असून वीसहून अधिक संघटना त्यात सहभागी आहेत. निवृत्तिवेतनार्ह वेतनाच्या २३·७ टक्के रक्कम निधीत जमा होते. तिच्यापैकी ७·९ टक्के कर्मचारी व १५·८ टक्के संघटना देते. निधीच्या मंडळावर नियामक मंडळे, प्रशासन व वर्गणीदार या तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी असतात. कर्मचाऱ्यांना केवळ म्हणणे मांडण्याचा नव्हे, तर मत देण्याचा अधिकार असलेल्या थोड्या जागांपैकी ही एक आहे. याखेरीज आरोग्य विमा, मायदेशी जाण्याची रजा, मुलांच्या शिक्षणाचे अनुदान आणि खडतर ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी विशेष भत्ता व विश्रांतीची रजा अशा सोयी आहेत. १ जानेवारी २०२३ पासून सर्व नव्या पालकांना सोळा आठवड्यांची रजा मिळते. जन्मदात्या मातेस आणखी दहा आठवडे मिळतात.

सुरक्षितता : आपल्या माणसांना विसरू न देणे हे कर्मचारी संघांचे एक जुने व्रत आहे. आलित्सिया वेसोवोव्स्का ही पोलिश कर्मचारी ऑगस्ट १९७९ मध्ये मंगोलियातील नेमणुकीवर जात असता वाटेत मायदेशी थांबली व तेथेच पकडली गेली. बंद दाराआड चाललेल्या खटल्यात तिला हेरगिरीसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. सहकाऱ्यांनी तिच्यासाठी सतत आवाज उठविला. १९८४ मध्ये तिची सुटका झाली. निर्वासितांसाठीच्या संस्थेकडून लेबाननमध्ये काम करणारे ब्रिटिश पत्रकार अलेक कॉलेट यांचे २५ मार्च १९८५ रोजी अपहरण झाले. त्यांचे अवशेष सापडले ते २००९ मध्ये. २५ मार्च हा दिवस अटकेतील व बेपत्ता कर्मचाऱ्यांशी एकात्मता व्यक्त करण्यासाठी पाळला जातो.

बगदाद येथील कनाल हॉटेलमधील मुख्यालयावर १९ ऑगस्ट २००३ रोजी झालेल्या स्फोटात विशेष प्रतिनिधी सेर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह बावीस जण मृत्युमुखी पडले. धोक्याचे इशारे असताना पुरेशी खबरदारी का घेतली गेली नाही, असा प्रश्न कर्मचारी संघांनी विचारला. चौकशीतही सुरक्षाव्यवस्थेतील गंभीर त्रुटी उघड झाल्या आणि २००५ मध्ये सुरक्षेचा स्वतंत्र विभाग अस्तित्वात आला. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझात पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संस्थेचे दोनशेहून अधिक कर्मचारी मारले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात एका संघर्षात झालेली ही सर्वांत मोठी प्राणहानी होय. मृतांपैकी बहुतेक सर्व स्थानिक भरतीचे होते. ज्या वस्तीत ते मदत वाटत, तिथेच त्यांची घरे होती. परदेशी सहकाऱ्यांप्रमाणे त्यांना बाहेर काढण्याचा प्रश्नच उद्‌भवत नव्हता.

वार्तापत्रे : संघांच्या कामाची खरी नोंद त्यांच्या वार्तापत्रांत सापडते. न्यूयॉर्क व जिनीव्हा येथे कर्मचाऱ्यांची नियतकालिके दीर्घकाळ निघत आली आहेत. त्यांत महागाईची कोष्टके, न्यायाधिकरणांचे निर्णय, निवृत्तिवेतन मंडळाची वृत्ते, निवडणुकांचे निकाल, गायनमंडळाचे कार्यक्रम आणि मृत सहकाऱ्यांच्या आठवणी शेजारीशेजारी छापलेल्या असतात. दूरच्या देशात एकट्याने काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचा संघाशी येणारा संबंध पुष्कळदा या पानांपुरताच असतो. ज्या संघाला वाटाघाटीचे बळ नाही, त्याला माहिती देणे हेच मोठे साधन उरते.

संघांपुढील सर्वांत अवघड प्रश्न त्यांच्या सभासदत्वाच्या कक्षेबाहेरील लोकांचा आहे. सल्लागार, कंत्राटी व मुदतबंद तत्त्वावर घेतलेले लोक नियमानुसार ‘कर्मचारी’ या संज्ञेत मोडत नाहीत. संयुक्त तपासणी पथकाच्या २०१४ च्या अहवालानुसार संयुक्त राष्ट्रे व्यवस्थेतील एकूण मनुष्यबळात त्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक होते. त्यांतील अनेकजण वर्षानुवर्षे नियमित स्वरूपाचेच काम करतात, पण निवृत्तिवेतन निधी व अंतर्गत न्यायाधिकरणे या दोन्ही गोष्टी त्यांना उपलब्ध नाहीत. बहुतेकांना केवळ लवादाकडे जाण्याचा खर्चिक मार्ग खुला असतो. २०२५ मध्ये निधीच्या तीव्र टंचाईमुळे सचिवालयाने हजारो पदे कमी करण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्या वर्षी १ मे रोजी जिनीव्हातील राष्ट्रसभागृहासमोरील चौकात शेकडो कर्मचारी निदर्शनांसाठी जमले. पदे रद्द होण्यापूर्वी विचारविनिमय व्हावा, ही संघांची मागणी होती. कंत्राटी लोकांपैकी अनेकांची कामे तोवर थांबलीही होती. कंत्राटाची मुदत संपू देणे एवढेच त्यासाठी पुरेसे होते.